मापात पाप

"आई, मला हँडिकॅप मिळाला," असं मी एका रविवारी फोनवर सांगितलं आणि पलीकडे एकदम सामसूम. मग आईचा बारीक झालेला आवाज, "म्हणजे? काय झालं रे? हात का पाय?" मी घाईघाईने म्हणालो, "अगं तसं काही नाही, ऑफिशियल मिळालाय, सर्टिफिकेटसारखा," तर प्रकरण आणखीच चिघळलं. तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला, "त्याला विचार, त्याच्यावर तिकडे गाडीभाड्यात सवलत मिळते का." एक मिनिट सगळे गप्प. मग मी पहिल्यापासून सगळं समजावून सांगायला बसलो. फोन पाऊण तास चालला. आईला शेवटी एवढंच कळलं की हातपाय शाबूत आहेत. अण्णांना मात्र जरा जास्तच कळलं होतं, पण ते मला पुढे दोन वर्षांनी समजलं.

तर मंडळी, हा हँडिकॅप गोल्फमधला. लहानपणी लपाछपी खेळताना कोणाचा तरी धाकटा भाऊ "मला पण, मला पण" करत यायचा आणि आपण त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचो. त्याच्यावर राज्य नाही, तो आउट झाला तरी आउट नाही. हँडिकॅप म्हणजे तेच लिंबूटिंबूपण, फक्त एका दशांश स्थळापर्यंत काढलेलं. समजा एखाद्या कोर्सवर माझा हँडिकॅप २४ आणि तुमचा ६. मी ९८ फटके मारले, तुम्ही ८१ मारले. माझ्यातून २४ वजा, तुमच्यातून ६ वजा. माझे ७४, तुमचे ७५. मी जिंकलो! तुम्ही माझ्यापेक्षा सतरा फटके बरे खेळलात तरी मी जिंकलो. असा न्याय मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसला नाही. क्रिकेटमध्ये आमच्या गल्लीने मुंबईच्या रणजी टीमला "आम्हाला दोनशे रन आधीच द्या" असं म्हणून पाहावं!

शब्दाचं मूळही मजेशीर आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये वस्तूंची अदलाबदल करायचा एक खेळ होता. तुझं घड्याळ, माझा कोट. दोन्हींच्या किमतीत फरक किती ते एक तिसरा माणूस ठरवणार, आणि सगळे टोपीत हात घालून मान्य की अमान्य ते दाखवणार. 'हँड इन कॅप'. सॅम्युअल पेपिसच्या १६६० च्या रोजनिशीत या खेळाचा उल्लेख आहे. पुढे तो शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला, चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादायचं म्हणून, आणि तिथून गोल्फमध्ये आला. म्हणजे मूळ भानगड वजनमापाचीच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी गोल्फ खेळायला लागलो २०२० च्या उन्हाळ्यात. त्याआधी माझा गोल्फशी संबंध म्हणजे पुण्यात येरवड्याकडे जाताना बाहेरून दिसलेली झाडं आणि कंपाउंड, एवढाच. इथे सॅन होजेच्या आसपास म्युनिसिपालिटीची गोल्फ मैदानं आहेत, कोणीही पैसे भरावेत नि खेळावं. कोविडमध्ये जिम बंद, थिएटर बंद, ऑफिस बंद. मोकळ्या हवेत लांब लांब उभं राहून खेळायचा हा एकच खेळ उरला होता. ऑफिसातल्या तिघांबरोबर जायला लागलो आणि एका वर्षात कोणीही विचारलं की बेधडक सांगायला लागलो, "मी नव्वदीत खेळतो."

आता ही नव्वदी कशी यायची ते सांगतो. पहिल्या टीवरचा पहिला फटका झाडीत गेला तर तो धरायचा नाही, अंग अजून गरम झालेलं नाही ना. याला इथे 'ब्रेकफास्ट बॉल' म्हणतात. मधे कुठे फारच वाईट गेला तर एक मलिगन, म्हणजे पुन्हा मार, मोजू नकोस. बॉल होलपासून वीतभर राहिला की 'गिमी', म्हणजे गेलाच असं समजून उचल. वीतभराची पुढे पुढे हातभर होते. बॉल हरवला तर साधारण जिथे गेला असेल तिथे दुसरा टाकायचा, "चल, एक पेनल्टी धर." खरं तर नियमाने मागे जाऊन पुन्हा मारायचं असतं. आणि आठाच्या पुढे कोण मोजतंय? हे सगळं वजा जाता नव्वदी. आम्ही चौघंही नव्वदीत होतो. चौघंही खूष होतो.

२०२२ च्या वसंतात क्लबहाऊसच्या फळ्यावर हौशी खेळाडूंच्या स्पर्धेचा कागद लागला. मी नाव लिहायला गेलो तर नावापुढे दोन रकाने. एक हँडिकॅप नंबर, दुसरा हँडिकॅप इंडेक्स. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "मी साधारण नव्वदीत असतो." ती गोड हसली. बँकेत "माझ्याकडे साधारण दोन लाख असतात" असं सांगणाऱ्याकडे पाहून हसतील, तसं.

अधिकृत हँडिकॅप मिळवणं फार अवघड नाही. एखाद्या मान्यताप्राप्त क्लबाचं सभासद व्हायचं. क्लब म्हणजे स्वतःचं मैदान, बंगला, वेटर असलाच पाहिजे असं नाही; म्युनिसिपालिटीच्या कोर्सवर जमणारी टोळीसुद्धा क्लब असू शकते. वर्षाची वर्गणी अशी की दोन-तीनदा बाहेर जेवलो असतो. त्यांनी एक नंबर दिला आणि फोनवर टाकायला एक ॲप. ॲपचं नाव जीएचआयएन, पण सगळे त्याला 'जिन' म्हणतात. (पहिल्यांदा बायकोला "जिनवर आकडा टाकतोय" म्हणालो तेव्हा तिने मटका आणि दारू असे दोन्ही संशय एकाच नजरेत व्यक्त केले.) मग किमान ५४ होलचे स्कोअर द्यायचे, म्हणजे अठरा होलच्या तीन फेऱ्या. नऊ नऊ होलच्या सहा केल्यात तरी चालतं. झालं.

अट एकच, आणि ती इथे अमेरिकेत कडक आहे. एकट्याने खेळलेली फेरी चालत नाही. कोणीतरी सोबत पाहिजे, ज्याने पाहिलंय.

माझे तिघे सोबती या भानगडीत पडायला तयार नव्हते. ("मजा जाईल रे.") म्हणून काउंटरवाल्या मुलीने मला शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांच्या एका गटात टाकलं. त्यात एक निवृत्त पोस्टमन होते. पस्तीस-एक वर्षं पायी टपाल वाटलेला माणूस, त्यामुळे सत्तरीतही कार्ट घेत नाहीत, बॅग ओढत चालतात. मी मनात त्यांचं नाव पोस्टमनकाका ठेवलं. माझा पहिला फटका उजवीकडच्या झाडीत गेला. मी सवयीने खिशातून दुसरा बॉल काढला तसे ते म्हणाले, "हा तिसरा फटका ना?" आवाजात काही टोमणा नव्हता. पत्ता नीट आहे ना, एवढंच विचारल्यासारखं. दुसऱ्या होलवर माझा बॉल दीड फुटावर थांबला. मी उचलायला वाकलो. ते लांबूनच म्हणाले, "आत घाल तो." घालायला गेलो आणि चुकलो. दीड फुटावरून! वर्षभर मी असले शेकडो पट 'दिलेले' घेतले होते.

त्या दिवशी माझे ११७ झाले.

गाडीत येऊन पाच मिनिटं नुसता बसून होतो. एकशे सतरा. कोड नीट चालतोय असं वर्षभर वाटत असावं आणि मग कळावं की टेस्टच चालत नव्हत्या, सगळं हिरवं दिसत होतं कारण आपणच हिरवा रंग लावून ठेवला होता.

सिस्टिम मात्र दयाळू आहे हो. नवख्या माणसाचं एका होलवर पारपेक्षा जास्तीत जास्त पाच फटकेच जास्त धरतात, म्हणून माझे ११७ चे ११४ झाले. पुढच्या दोन फेऱ्या १०९ आणि १११. आता हे आकडे सरळ वापरत नाहीत, कारण सोप्या कोर्सवरचे १०९ आणि अवघड कोर्सवरचे १०९ सारखे नाहीत. प्रत्येक कोर्सला दोन आकडे दिलेले असतात. एक कोर्स रेटिंग, म्हणजे हँडिकॅप शून्य असलेला खेळाडू तिथे साधारण किती मारेल. आमच्या कोर्सचं ६९.६. दुसरा स्लोप, म्हणजे तोच कोर्स तुमच्या-माझ्यासारख्याला त्या मानाने किती जास्त छळेल. स्लोप ५५ ते १५५ मधे असतो, मध्यम कोर्सचा ११३ धरतात, आमचा ११९. आपल्या स्कोअरमधून रेटिंग वजा करायचं, ११३ ने गुणायचं, स्लोपने भागायचं. माझे १०९ त्या हिशेबाने ३७.४ झाले. तीनच फेऱ्या असतील तर त्यातली सर्वात चांगली घेऊन आणखी २ वजा करतात. माझा पहिला अधिकृत इंडेक्स, ३५.४.

स्लोपची ही कल्पना ज्याने बसवली त्याचं नाव डीन नूथ. नाव वाचून मी उडालोच. आमच्या धंद्यात नूथ म्हटलं की कानाला हात लावतात, पण तो डोनाल्ड, हा डीन, वेगळा. अमेरिकन नौदलातला माणूस. १९७० च्या दशकात इथून दीडेक तासावर माँटेरेला नौदलाच्या कॉलेजात शिकत असताना तो या गणितामागे लागला. गोल्फवाले त्याला 'पोप ऑफ स्लोप' म्हणतात. आधी देशोदेशींच्या सहा निरनिराळ्या पद्धती होत्या, त्या २०२० मध्ये एक झाल्या. आता भारतातही हेच गणित. म्हणजे पुण्यातल्या माणसाचा इंडेक्स आणि माझा इंडेक्स एकाच मापाचा. किलो जसा सगळीकडे किलो.

हा आकडा मागतात तरी का, असा प्रश्न मला त्या काउंटरवर पडला होता. त्याला मॉरिस फ्लिटक्रॉफ्टची गोष्ट हे चांगलं उत्तर आहे. इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेसचा हा क्रेन चालवणारा माणूस. १९७६ साली त्याने थेट ब्रिटिश ओपनच्या पात्रता फेरीसाठी अर्ज केला. हौशी खेळाडू म्हणून भरायचा तर हँडिकॅप दाखवावा लागणार, तो याच्याकडे नव्हता. मग पठ्ठ्याने फॉर्मवर 'व्यावसायिक' असं लिहून टाकलं! व्यावसायिकाला कोण हँडिकॅप विचारतंय? फॉर्मबी नावाच्या कोर्सवर त्याचे १२१ झाले. पारपेक्षा एकोणपन्नास जास्त. चालकांनी त्याच्यावर बंदी घातली, तर तो पुढे नावं बदलून, वेषांतर करून पुन्हा पुन्हा घुसत राहिला. २०२१ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, मार्क रायलन्सने फार गोड काम केलंय. सिनेमा पाहताना सगळं थिएटर मॉरिसच्या बाजूने असतं, मीही होतो. फक्त मनात आलं की त्याचे १२१ खरे होते. प्रत्येक फटका मोजलेला. माझ्या ऑफिसातल्या नव्वदीपेक्षा केव्हाही खरे.

असो. पुढची दोन वर्षं मी शनिवारी सहा-चाळीसला जात राहिलो. वीस फेऱ्या झाल्या की गणित बदलतं. शेवटच्या वीस फेऱ्यांमधल्या सर्वात चांगल्या आठांची सरासरी म्हणजे इंडेक्स. हे लोकांना पटकन कळत नाही. हँडिकॅप म्हणजे तुमची सरासरी नव्हे. तुम्ही चांगले खेळलात तर कसे खेळता त्याचं ते माप आहे. त्यामुळे आपल्या हँडिकॅपइतकं खेळणं चार-पाच वेळातून एखाद्या वेळीच जमतं, बाकीच्या दिवशी आपण आपल्याच आकड्यापेक्षा वाईट असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात माझा आकडा २४.६ वर आला होता.

त्या मे महिन्यात आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आले. आईला इथे देवळं, भाजी, नातवंडं असं काहीतरी असतं. अण्णांचं अवघड. पेपर नाही, कट्टा नाही, रस्त्यावर माणूस नाही. म्हणून एका शनिवारी मी त्यांना गोल्फला घेऊन गेलो. गुडघ्यांमुळे चालणं होत नाही, तर कार्ट घेतली, त्यांची शेजारी बसायची फी भरली. डोक्याला मफलर, (मे महिन्यात! सकाळी गार असतं म्हणून) मांडीवर थर्मास. दोन होल ते गप्प बसून पाहत होते. तिसऱ्या होलला म्हणाले, "ते कार्ड इकडे दे."

इथे अण्णांबद्दल सांगायला पाहिजे. अण्णा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आता त्याला वैधमापनशास्त्र असं भारदस्त नाव आहे, पण आमच्या घरात ते 'वजनमापे'च. सगळी नोकरी तालुक्याच्या गावांत. दुकानदारांची वजनं दर दोन वर्षांनी तपासायची, घासून झिजली असतील तर दुरुस्त करायला लावायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं. शिक्का त्या शिशावर. लहानपणी मला वाटायचं ते भोक शिक्क्यासाठीच आहे. प्रत्यक्षात वजन जुळवायची जागाही तीच. म्हणजे चोरीची जागाही तीच.

तर कार्ड अण्णांकडे गेलं. पेन्सिलीने मराठी आकडे लिहायला लागले. ५, ६, ४, ७. पोस्टमनकाकांनी एकदा वाकून पाहिलं, त्यांना काहीच वाचता येईना, पण वाटाड्या मिळाल्यासारखे खूष झाले. दर होलनंतर ते अण्णांना बोटांनी आपला आकडा दाखवत आणि अण्णा मान डोलवून तोही लिहीत. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. सहा-सात शनिवार असे गेले.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी असा खेळलो, की काय सांगू. बॉल जिथे पाहीन तिथे जात होता. पंधराव्या होलला मात्र रफमधे बॉल गवतात बसलेला, मी जोरात फिरवली आणि स्टिक बॉलच्या वरून गेली. बॉल जागचा हलला नाही. पोस्टमनकाका पलीकडे बंकरमधे होते. त्यांनी पाहिलं नाही. पुढचा फटका बरा गेला, दोन पट, होल संपला.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"सहा."

"आणि तो हवेत गेला तो?"

"तो प्रॅक्टिसचा होता, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेन्सिल कार्डावर तशीच धरून बसून राहिले. पुढच्या टीवर पोहोचेपर्यंत लिहिलंच नाही. शेवटी मी म्हटलं, "सात लिहा."

अठरा होल संपले तेव्हा त्या कार्डावर मराठीत ८८ होते. आयुष्यातली माझी पहिली खरी ऐंशी. पोस्टमनकाकांनी मिठी मारली. घरी आल्यावर आईने शिरा केला.

आणि मी फोन बाजूला ठेवून दिला. स्कोअर त्याच दिवशी टाकायचा असतो. मी टाकला नाही.

कारण पुढच्या शनिवारी क्लबची स्पर्धा होती आणि बुधवारी सकाळी जो इंडेक्स असेल तो धरणार होते. शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर मी एक्सेल उघडलं. या ८८ चे होतात १७.५. माझ्या २४.६ पेक्षा ७.१ ने कमी. आता, एखादी फेरी इंडेक्सपेक्षा सात किंवा जास्तने चांगली गेली तर सिस्टिमला संशय येतो की हा माणूस आहे त्यापेक्षा चांगला असणार, आणि ती वरून आणखी एक पूर्ण कापते. एकूण इंडेक्स येतो २२.५. स्पर्धेत धरतात त्याच्या पंच्याण्णव टक्के, आमच्या कोर्सला लावून. म्हणजे फेरी टाकली तर मला मिळणार २० फटके. नाही टाकली तर २२. फक्त दोन! पण मागच्या वर्षी बक्षीस एका फटक्याने गेलं होतं.

यात गंमत पाहा. त्याच दिवशी सकाळी मी एक फटका लपवून स्कोअर कमी करायला निघालो होतो आणि रात्री पूर्ण फेरीच लपवून हँडिकॅप वाढवायला. सकाळी हौस, रात्री हिशेब. याला इथे सँडबॅगिंग म्हणतात. गोल्फमधे याहून वाईट शिवी नाही. पण मी स्वतःला तसं थोडंच म्हणणार? मी म्हणत होतो, "सोमवारी टाकू. घाई काय आहे." सोमवारी रिलीज होतं, त्यामुळे "उद्या." खोटं बोललोच नव्हतो मी. फक्त अजून सांगितलं नव्हतं.

मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर अण्णा ओट्याशी लसूण सोलत बसले होते. त्यांना इथे करायला काही नसतं, म्हणून आई रोज लसूण देते. त्यांनी सहज विचारलं, "ते परवाचं नोंदवलंस का?"

"टाकतो."

थोडा वेळ गेला. मग ते लसूण सोलता सोलताच बोलायला लागले. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली गोष्ट, मी तेव्हा जन्मलो नव्हतो. एका तालुक्याच्या गावी एक धान्याचा आडत्या होता, आमच्याच नात्यातला, आईच्या माहेरकडून. संध्याकाळ झालेली, शेवटची एसटी गाठायची होती. त्याने वजनं मांडून ठेवली होती, वीस किलोची सहा. अण्णांनी त्यातली दोन तोलून पाहिली, बरोबर निघाली, आणि उरलेल्या चारांवर तशीच निशाणी ठोकली. चहा प्यायले आणि एसटी गाठली.

"दुकानदार वजन कमी करतो हे सगळ्यांना माहिती असतं," अण्णा म्हणाले. "पण हा विकत घेणारा. ह्याला वजन जास्त लागतं. शेतकऱ्याकडून घेताना. दोन वजनांत पाव पाव किलो शिसं जास्त होतं."

पाचेक महिन्यांनी एका शेतकऱ्याने तक्रार केली. त्याने घरून माप करून आणलं होतं, प्रत्येक पोत्यामागे कमी भरत होतं. तपासायला दुसरा निरीक्षक गेला. वजनं जप्त झाली, आडत्याला दंड झाला. अण्णांना कोणी काही विचारलं नाही. शिक्क्यानंतर शिसं भरलं असेल असं सगळ्यांनी धरून चाललं.

"नंतर भरलं असेलही ना?"

"असेल," अण्णा म्हणाले. "मी तोललंच नव्हतं, तर मला काय माहिती." मग सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकत म्हणाले, "तो शेतकरी वजन घेऊन उलटं करून दाखवत होता म्हणे सगळ्यांना. सरकारचा शिक्का आहे की यावर, म्हणून मी गप्प बसलो इतके दिवस, असं म्हणत होता."

आईला हे माहिती आहे का, मी विचारलं. नाही म्हणाले. पन्नासेक वर्षं झाली असतील त्याला. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि ते लसणाकडे. मला काही बोलायला सुचलं नाही. ते उठले, हात धुतले आणि झोपायला गेले. "टाक" असंही म्हणाले नाहीत.

अकरा वाजता मी ॲप उघडलं. तारीख विचारते, शनिवारची टाकली. प्रत्येक होल वेगवेगळा भरायची सोय असते, मी ते मराठी कार्ड समोर ठेवून एकेक आकडा भरला. पंधराव्याला सात. बुधवारी सकाळी इंडेक्स २२.५, बाजूला एक कपात झाल्याची खूण.

स्पर्धेचं काय झालं म्हणाल, तर फार सांगण्यासारखं नाही. ८८ वाला माणूस त्या शनिवारी आलाच नाही, नेहमीचा आला. दोन बॉल पाण्यात, एका बंकरमधे चार फटके. एकूण ९९, वजा २०, नेट ७९. मी चौदावा आलो. २२ मिळाले असते तर नेट ७७ झाले असते आणि मी अकरावा आलो असतो. अकराव्याला काही देत नाहीत. पोस्टमनकाका माझ्याच गटात होते, माझं कार्ड त्यांनी लिहिलं. सतराव्या होलला माझा बॉल कडेच्या पानांत होता, मी पान काढायला गेलो आणि बॉल सुपारीएवढा सरकला. मी हात वर करून सांगितलं. त्यांनी मान हलवून एक वाढवला नि आम्ही पुढे चालायला लागलो.

अण्णांचा गुडघा त्या दिवशी धरला होता म्हणून ते घरी होते. मी दार उघडल्याबरोबर, "किती?"

"नव्व्याण्णव."

"हवेतले धरून?"

"हवेत नाही गेला एकही. पाण्यात गेले."

"ते मोजतात ना?"

"मोजतात की. दंडासकट."

"कार्ड कुठंय?"

"तिथे दिलं. सह्या करून द्यावं लागतं."

"सह्या? कोणाकोणाच्या?"

"माझी आणि त्या पोस्टमनची. त्याने लिहायचं, मी तपासायचं, मग दोघांनी सही करायची."

अण्णांनी थोडा विचार केला. "दोघांची असते हे बरं आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे एकाचीच असायची." आणि मग आईला हाक मारून म्हणाले, हा आलाय, चहा टाक.